इंडक्शनची भांडी घेताना बूड पाहावे

स्टीलची भांडी घेताना चुंबक लावून पाहण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. चुंबक चिकटले तर स्टील हलके आणि न चिकटले तर स्टील चांगले, असा त्यामागचा हिशेब असतो, आणि सांगली-मिरजेच्या बाजारात गिऱ्हाईक व दुकानदार दोघेही तो गृहीत धरूनच बोलत असतात. इंडक्शनची शेगडी घरात आली की हा हिशेब उलटतो. ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटत नाही, ते कितीही भारी किमतीचे असले तरी या शेगडीवर तापत नाही. मात्र चुंबक चिकटले एवढ्यावरून भांडे कामाचे आहे असेही ठरत नाही. नव्या भांड्यांबद्दलच्या तक्रारी ऐकल्या, तर दूध बुडाला लागते, भाकरीच्या कडा कच्च्या राहतात, कुकर गोल फिरतो अशाच असतात, आणि या प्रत्येक भांड्याला चुंबक व्यवस्थित चिकटत असते. म्हणून चुंबकाला पहिली पायरी मानावे आणि खरी परीक्षा भांड्याच्या बुडाची घ्यावी.

शेगडी नेमके काय तापवते

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते, ज्याला सगळे कॉइल म्हणतात. तिच्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, त्यामुळे वर बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यात ठेवलेल्या धातूच्या बुडात प्रवाहाचे भोवरे निर्माण होतात. लोखंडासारख्या चुंबकीय धातूत हे भोवरे पृष्ठभागाजवळच्या अगदी पातळ थरात कोंडले जातात, तिथे त्यांना विरोध जास्त होतो आणि बूड स्वतःच तापते. काच तापते ती वर ठेवलेल्या भांड्यामुळे.

तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्यातून वीज सहज वाहते, म्हणून त्यांच्यात उष्णता फारच कमी निर्माण होते. शेगडीतील यंत्रणा हे ओळखते, शिट्टीसारखा आवाज करते आणि थोड्या वेळाने बंद पडते. चांगल्या प्रतीचे मानले जाणारे ३०४ क्रमांकाचे स्टील, म्हणजे ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते ते, निकेलमुळे चुंबकीय राहत नाही. उलट ४३० क्रमांकाच्या स्टीलमध्ये क्रोमियम जवळजवळ तितकेच असते, पण निकेल जवळपास नसते आणि त्याला चुंबक घट्ट चिकटते. इंडक्शनच्या चांगल्या भांड्यात या दोन्ही स्टीलची जागा ठरलेली असते: अन्नाला लागणाऱ्या आतल्या बाजूला ३०४ आणि शेगडीला टेकणाऱ्या बाहेरच्या बाजूला ४३०. चुंबक चिकटले म्हणून खालचे स्टील हलके ठरवणे येथे चुकीचे आहे, कारण ते तिथे मुद्दाम घातलेले असते.

पहिली पायरी: घरातील भांडी तपासणे

बाजारात जाण्यापूर्वी माळ्यावरची आणि मांडणीतली सगळी भांडी एकदा ओट्यावर काढावीत. चुंबक मध्यम ताकदीचे घ्यावे. कपाटाच्या दाराला असते ते किंवा जुन्या स्पीकरमधले पुरते. फ्रिजवर चिकटवायच्या शोभेच्या पातळ पट्ट्या फार अशक्त असतात, आणि हल्ली मिळणारी छोटी पण अतिशय जोरदार चुंबके दुसऱ्या टोकाची असतात, कारण ती शेगडीला न चालणाऱ्या स्टीललाही किंचित धरतात. चुंबक बुडाच्या मध्यभागी आणि कडेला अशा दोन्ही ठिकाणी बाहेरून लावावे. काठाला किंवा अंगाला लावून निष्कर्ष काढू नये, कारण पत्रा ओढून भांडे घडवताना स्टीलला काठाकडे थोडे चुंबकत्व येते आणि बूड मात्र तसेच राहते. भांडे उचलले तरी चुंबक पडत नाही आणि ओढताना जोर लावावा लागतो, अशी पकड असेल तरच ते भांडे पुढच्या पायरीला पात्र समजावे.

जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, पितळेचे टोप, तांब्याची भांडी, काचेची आणि मातीची भांडी या परीक्षेत बाद होतात. कल्हई केल्यानेही पितळेत फरक पडत नाही. लोखंडी तवे, बिडाचे तवे आणि मुलामा दिलेली लोखंडी भांडी पास होतात. लग्नाच्या आहेरात ढिगाने येणारी तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली मात्र फसवी असतात. ती गॅसवर उत्तम चालतात, म्हणून इंडक्शनवरही चालतील असे वाटते. पण त्यांचे स्टील बहुधा चुंबकीय नसते आणि खालचा तांब्याचा थर तर चुंबकीय असतच नाही, त्यामुळे त्यांचा इथे उपयोग होत नाही.

एक सवलत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कुकरच्या आत ठेवायचे डाळ-भाताचे डबे कोणत्याही धातूचे चालतात, कारण त्यांना उष्णता कुकरमधल्या पाण्याकडून आणि वाफेकडून मिळते. चुंबकीय बूड फक्त कुकरला हवे. जुने डबे टाकून इंडक्शनचे डबे घेण्याची मुळीच गरज नाही.

दुसरी पायरी: बूड मोजणे

भांड्यांवर लिहिलेला आकार बहुधा काठाचा असतो, आणि शेगडीला काठाशी काही देणेघेणे नसते. भांडे उपडे करून काचेला प्रत्यक्ष टेकणाऱ्या सपाट भागाचा व्यास पट्टीने मोजावा. घरगुती शेगड्यांची कॉइल साधारण १५ ते १८ सेंटिमीटर रुंद असते आणि काचेवर छापलेले वर्तुळ तिचा अंदाज देते. टेकणारे बूड १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर बहुतेक शेगड्या भांडे ठेवलेच नाही असे समजतात. चहाचे एका कपाचे पातेले आणि फोडणीचे कढले येथेच अडते. बूड कॉइलपेक्षा फार मोठे असेल, तर मधला भाग उकळत असताना कडेचा भाग कोमट राहतो, कारण गॅसची ज्वाळ जशी भांड्याच्या अंगावरून वर चढते तसे इथे काही घडत नाही. रोजच्या भांड्यासाठी १६ ते २० सेंटिमीटरचे टेकणारे बूड हा माझ्या मते सर्वांत सोयीचा आकार आहे.

त्याच पट्टीची उभी धार बुडावर आडवी धरून उजेडाकडे पाहावे. मध्यभागी केसाएवढी फट दिसली तर घाबरू नये. थर असलेली बुडे थंड असताना किंचित आत गेलेली ठेवतात आणि तापल्यावर ती पसरून सपाट होतात. पण पट्टी मध्यभागी टेकून दोन्ही बाजूंना डुलत असेल, म्हणजे बूड बाहेर फुगलेले असेल, तर ते भांडे नाकारावे. ते काचेवर भोवऱ्यासारखे फिरते, हलवताना सरकते आणि त्यात टाकलेले तेल सारखे न पसरता मध्यभागी गोळा होते. घरातली जुनी गोल बुडाची लोखंडी कढई चुंबकाला पकडत असली तरी याच कारणाने बाद होते.

तिसरी पायरी: जाडी आणि थर ओळखणे

या पायरीवर बाजारात सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून येथे जरा सावकाश जावे. ‘इंडक्शन बेस’ असा शिक्का मारलेली भांडी ढोबळमानाने तीन प्रकारची असतात आणि तिन्हींच्या आयुष्यात मोठा फरक असतो.

पहिला प्रकार ॲल्युमिनियमच्या भांड्याचा, ज्याच्या बुडात भोके असलेली स्टीलची पातळ चकती दाबून बसवलेली असते. नॉनस्टिक तवे आणि स्वस्त कढया बहुधा अशाच असतात, आणि बूड पाहिले की ठिपक्यांच्या जाळीवरून ते ओळखता येते. येथे उष्णता केवळ त्या चकतीत तयार होते, त्यामुळे २४ सेंटिमीटरच्या तव्याला १४ सेंटिमीटरची चकती असेल तर तवा २४ चा नसून १४ चाच आहे असे धरावे. ॲल्युमिनियम आणि स्टील तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून काही काळाने अशी चकती सैल होण्याची किंवा बूड वाकण्याची शक्यता असते. अडीनडीला हे भांडे ठीक आहे, पण वर्षानुवर्षे वापरायचे म्हणून घेऊ नये.

दुसरा प्रकार सँडविच बुडाचा. भांडे स्टीलचे, त्याच्या बुडाखाली ॲल्युमिनियमची जाड चकती आणि तिच्याही खाली चुंबकीय स्टीलचे आवरण. उपड्या भांड्याच्या बुडाभोवती वेगळी जोडलेली कड स्पष्ट दिसते. डाळ, आमटी, भात, उकळण्याची आणि वाफवण्याची कामे यात उत्तम होतात. त्याची मर्यादा अशी की उष्णता पसरवणारी चकती जिथे संपते तिथून वरचे अंग एकेरी पातळ स्टीलचे असते, त्यामुळे पिठले घट्ट होत असताना नेमके त्या गोल रेषेवर करपते. चकती अंगाच्या वळणापर्यंत पोहोचलेली असेल तर हा त्रास कमी होतो. दुकानात हे बोटाने चाचपून कळते.

तिसरा प्रकार ट्रायप्लायचा. यात स्टील, ॲल्युमिनियम आणि चुंबकीय स्टील असे तीन थर एकत्र दाबलेल्या पत्र्यातूनच पूर्ण भांडे घडवलेले असते, म्हणजे ॲल्युमिनियमचा थर काठापर्यंत जातो. काठ नीट पाहिल्यास दोन चकचकीत रेषांमध्ये एक मंद राखाडी रेषा दिसते. बाहेरून चुंबक घट्ट चिकटते आणि आतून लावले तर पकड अगदी हलकी जाणवते किंवा जाणवतच नाही. हीच त्याची खूण. खरेदीला पैसे एकदाच जास्त जातात, पण परतणे, भाजणे आणि आटवणे या तिन्ही कामांना एकच भांडे हवे असेल तर मी ट्रायप्लायच्या सपाट बुडाच्या कढईलाच पहिली पसंती देईन.

साधे पातळ स्टीलचे भांडे चुंबकाला चिकटले आणि बूडही सपाट निघाले, तरी ते फक्त पाणी तापवण्यासाठी ठेवावे. शेगडी कमी आचेवर असताना अनेक यंत्रे आच प्रत्यक्षात कमी करत नाहीत, तर काही सेकंद पूर्ण जोर आणि काही सेकंद बंद असे चालवतात. जाड बुडाला हा चढउतार जाणवत नाही. पातळ बुडात मात्र प्रत्येक झटक्यासरशी दूध तळाला धरते. बासुंदी किंवा खवा आटवायचा असेल तर भांड्याची जाडी ही चैन राहत नाही, गरज ठरते.

तवा, आणि भाकरीचा प्रश्न

सांगली-साताऱ्याच्या घरात इंडक्शनची खरी अडचण भाकरीपाशी येते. आपला भाकरीचा तवा खोलगट असतो, तो काचेवर बसत नाही. शिवाय भाकरी शेवटी जाळावर टाकून फुगवायची, आणि येथे जाळच नाही. खापर तर चालतच नाही. त्यामुळे सपाट बुडाचा बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा घ्यावा. नॉनस्टिक तव्यावर भाकरी टाकू नये, कारण भाकरीला लागणारी आच त्या लेपाला सोसत नाही. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो लेप खराब होऊ लागतो आणि मोठ्या आचेवर ठेवलेला रिकामा तवा तिथपर्यंत काही मिनिटांतच पोहोचतो.

लोखंड आणि बीड स्वतः चटकन तापतात, पण उष्णता आडवी पसरवण्यात ॲल्युमिनियमच्या बरेच मागे असतात. परिणामी कॉइलच्या वरचे कडे खूप तापते आणि तव्याची कड थंड राहते. यावर उपाय घाई न करणे हाच आहे. तवा मध्यम आचेवर ठेवून पाच-सात मिनिटे द्यावीत, म्हणजे उष्णता कडेपर्यंत जाते. एकदम पूर्ण जोर लावल्यास बीड तडकण्याची आणि पातळ लोखंडी तवा वाकण्याची भीती असते. भाकरी तव्याच्या मानाने दोन बोटे लहान थापावी. वरच्या बाजूला पाणी फिरवून, ते सुकत आले की उलटावी, दुसरी बाजू पूर्ण भाजेपर्यंत हलवू नये, आणि मग पुन्हा पहिल्या बाजूवर टाकून स्वच्छ सुती फडक्याने कडा हलक्या दाबत गोल फिरवावी. अशी भाकरी टम्म फुगते, मात्र जाळावरच्या भाकरीचे काळे ठिपके आणि तो खरपूस वास तिला येत नाही. रोज पंधरा-वीस भाकऱ्या लागणाऱ्या घराने भाकरीपुरता गॅस ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चपाती, थालीपीठ आणि घावन यांना असा त्रास नाही.

नवीन बिडाचा तवा धुऊन, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून मंद आचेवर तापवावा आणि थंड होऊ द्यावा. हे काही वेळा केले की तवा तयार होतो. काचेवर तो कधीही ओढू नये, उचलूनच ठेवावा. बिडाच्या खरखरीत बुडाखाली मिठाचा खडा सापडला तरी काचेवर कायमची रेघ उठते. लोखंडी भांड्यात चिंचेची आमटी किंवा ताकाची कढी करू नये. आंबटाने रंग काळपट होतो आणि चवीला लोखंड उतरते.

कुकर

कुकरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक पाहावा. घरगुती प्रेशर कुकरला ते सक्तीचे आहे. जर्मनचा साधा कुकर चालत नाही. सँडविच बुडाचा स्टीलचा किंवा ट्रायप्लायचा कुकर घ्यावा, आणि तीन लिटरचा उभा घ्यायचा की पाच लिटरचा पसरट, हे आपल्या कॉइलच्या वर्तुळावरून ठरवावे. पसरट कुकरमध्ये अख्खा मसूर परतून तिथेच शिजवता येतो, ही त्याची सोय मोठी आहे.

वापरण्यात एक बदल करावा लागतो. इंडक्शनवर वाफ लवकर धरते, त्यामुळे गॅसवरच्या शिट्ट्यांचा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. पहिली शिट्टी झाली की आच निम्म्यापेक्षा खाली आणावी आणि पुढे शिट्ट्या मोजण्याऐवजी मिनिटे मोजावीत. पूर्ण जोरावर लागोपाठ तीन शिट्ट्या झाल्या तरी हरभरे कच्चेच असतात आणि तळाचे पाणी मात्र कमी झालेले असते.

फोडणी, भाजणे आणि चकतीचा मोह

फोडणीच्या कढल्याचे बूड लहान असल्याने ते शेगडी ओळखत नाही. अशा वेळी फोडणी मूळ भांड्यातच आधी करून मग डाळ ओतावी, किंवा १२ सेंटिमीटरहून थोडे अधिक बूड असलेले छोटे ट्रायप्लाय पातेले त्यासाठी ठेवावे. तेल थोडे असते आणि बूड क्षणात तापते, म्हणून आच मध्यमच हवी. नाहीतर मोहरी तडतडण्यापूर्वी हिंग जळतो. भडंगासाठी चुरमुरे भाजायचे असतील तर मोठ्या कढईचा हट्ट सोडून थोडे थोडे भाजावे, कारण कढईच्या कडेला गेलेल्या चुरमुऱ्यांना उष्णता मिळत नाही.

जुनी पितळेची आणि जर्मनची भांडी चालवता यावीत म्हणून मध्ये ठेवायची लोखंडी चकती विकली जाते. ती घेऊ नये. चकती तापते, तिच्यामुळे वरचे भांडे हळूहळू तापते, आणि त्या वेळेत चकतीची बरीचशी उष्णता खाली काचेत जाते. इंडक्शनचा सगळा फायदा, म्हणजे भांड्याचे बूडच चूल होणे, यात नाहीसा होतो आणि शेगडी आतून तापून वारंवार बंद पडते.

खोलीत राहणाऱ्यांसाठी

सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेजसाठी खोली घेतलेले विद्यार्थी किंवा मिरजेत रुग्णासोबत राहणारे नातेवाईक यांना एका शेगडीवर सगळे करायचे असते. त्यांनी तीन लिटरचा सँडविच बुडाचा कुकर आणि झाकण असलेली १८ ते २० सेंटिमीटर बुडाची ट्रायप्लाय कढई एवढेच घ्यावे. चहादेखील त्या कढईत होतो. भांड्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ९ ॲम्पिअर प्रवाह घेते, त्यामुळे तिला अर्थिंग असलेला १६ ॲम्पिअरचा मोठा सॉकेट लागतो. मोबाइल लावायच्या छोट्या सॉकेटवर ती लावू नये. मोठा सॉकेट नसेल तर १२०० वॅटची शेगडीही पुरते, मात्र तीही एक्स्टेंशनच्या वायरवर चालवू नये.

दुकानात आणि घरी आल्यावर

दुकानात जाताना चुंबक, पट्टी आणि आपल्या शेगडीच्या वर्तुळाचे माप सोबत न्यावे. साधी स्टीलची भांडी आपल्याकडे वजनावर मिळतात, ट्रायप्लाय मात्र नगावर. तरीही सारख्या मापाची दोन भांडी काट्यावर ठेवायला सांगावीत, कारण जड निघालेले बहुधा जाड पत्र्याचे असते. स्टीलच्या भांड्यांवर आयएस १४७५६ हा क्रमांकही शोधावा. जुनी जर्मनची आणि तांब्याच्या बुडाची भांडी मोडीत घालण्याची घाई करू नये. गॅस घरात असेपर्यंत ती कामाचीच आहेत.

घरी आणल्यावर पहिली चाचणी पाण्याची घ्यावी. भांड्यात एक लिटर पाणी घालून पूर्ण आचेवर ठेवावे. २००० वॅटवर ते तीन-चार मिनिटांत आणि १२०० वॅटवर पाच-सहा मिनिटांत उकळायला हवे. याहून बराच वेळ लागला तर बूड आणि कॉइल यांचे जुळत नाही असे समजावे. बुडबुडे कोठून उठतात तेही पाहावे. ते फक्त एका बारीक कड्यातून उठत असतील तर बूड पातळ आहे, आणि साऱ्या तळावरून उठत असतील तर उष्णता नीट पसरते आहे. थोडी घूंघूं ऐकू येणे स्वाभाविक आहे, खडखड मात्र नको. दुसरी चाचणी कोरडी: पाणी ओतून भांडे पुसावे, तळाला कणकेचा पातळ थर पसरावा आणि मध्यम आचेवर रंग बदलू लागेपर्यंत ठेवावा. कणीक जिथे आधी तांबूस होते ती तापलेली जागा, आणि पांढरी राहते ती थंड. नॉनस्टिक भांड्यावर ही कोरडी चाचणी करू नये.

भांड्यावर नाव घालायचे असेल तर या दोन्ही चाचण्या झाल्यावरच घालावे, कारण नाव कोरलेले भांडे दुकानदार परत घेत नाही. नाव काठाजवळ किंवा कानाखाली घालायला सांगावे आणि बुडावर मशीन चालवू देऊ नये, म्हणजे काचेला टेकणारी बाजू गुळगुळीत राहील.